सातची कसर

पैनगंगेच्या उत्तरेला वऱ्हाड आणि दक्षिणेला मोगलाई. नदी ओलांडली की रुपया बदलायचा. वाशिम, पुसद, उमरखेडच्या बाजारात इंग्रज सरकारचा कलदार रुपया चाले. अलीकडे हिंगोली, कळमनुरी, सेनगावात निजामाचा हाली सिक्का चाले. कापूस घेऊन पलीकडे गेलेला शेतकरी कलदार घेऊन परते. इकडे शेतसारा आणि सावकाराचे व्याज हालीत भरायचे, म्हणून तो सराफाच्या ओट्यावर जाई. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून एक दर ठरलेला होता: सहा कलदार म्हणजे सात हाली.

हा दर साधा दिसतो, पण त्यात सात आहे. सात ही मूळ संख्या. एक आणि स्वतः यांखेरीज तिला कोणी भागत नाही, आणि तिने आपल्या रुपयाला कधी निःशेष भागले नाही. सोळा आण्यांच्या रुपयाला नाही, चौसष्ट पैशांच्या रुपयाला नाही, एकशे ब्याण्णव पैंच्या रुपयाला नाही, आणि १९५७ नंतरच्या शंभर पैशांच्या रुपयालाही नाही. आज ज्याला हिंगोली जिल्हा म्हणतो त्या मुलखात १९४७ नंतरच्या दहा-बारा वर्षांत हे सगळे हिशेब एकमेकांवर येऊन आदळले. राजकारणाचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. त्याच काळातला आकड्यांचा इतिहास मात्र वह्यांतच पडून राहिला.

नदीवर ही सीमा पडण्यात हिंगोलीचाच वाटा होता. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणाऱ्या कंटिन्जंट फौजेचे एक मोठे ठाणे हिंगोलीत होते. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावे त्या छावणीतून आली. या फौजेचा खर्च निजामाकडे थकत गेला. अखेर १८५३ च्या तहाने त्यापोटी वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेले. म्हणजे ज्या फौजेचे घोडे कयाधूच्या काठी पाणी पीत, तिच्याच पगारासाठी वऱ्हाड तुटले आणि पैनगंगा दोन नाण्यांमधली रेघ झाली. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी सैन्यात विलीन झाली. छावणी गेली, रेघ राहिली.

हाली रुपयाला त्याआधी स्थिर असे मोल नव्हते. जुन्या टांकसाळींची नाणी वजनाला आणि कसाला कमीअधिक भरत, आणि बट्टा रोज बदले. १९०३-०४ च्या सुमारास सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत यंत्रावर पाडलेला नवा रुपया आला. त्यावर चारमिनार होता, आणि त्याच्या कमानीत राजाच्या नावाचे आद्याक्षर: महबूब अलींच्या नाण्यावर मीम, पुढे उस्मान अलींच्या नाण्यावर ऐन. उस्मानिया सिक्का हे नाव या दुसऱ्या राजाचे. हा रुपया सुमारे ११.१८ ग्रॅम वजनाचा होता आणि त्यात चांदी ८१.८ टक्के होती. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के. गुणाकार करून पाहा: हालीतली चांदी ९.१५ ग्रॅमच्या आसपास येते, कलदारातली १०.६९ ग्रॅम. गुणोत्तर ०.८५६ भरते, आणि सहा-सप्तमांश म्हणजे ०.८५७. तेव्हा सहास सात हा दर म्हणजे चांदीचाच हिशेब होता.

व्यापारी पेढ्यांत आणि सरकारी कागदांत हा दर एका आकड्याने ओळखला जाई: शंभर कलदारास हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. तो बरोबर का आहे ते पाहण्यासारखे आहे. शंभराला सातने गुणून सहाने भागले की ११६ आणि वर दोन-तृतीयांश उरतात. रुपयाच्या १९२ पै, त्यांचे दोन-तृतीयांश १२८ पै, म्हणजे १० आणे ८ पै. कुठेही कसर नाही. एका कलदाराचे हाली १ रुपया २ आणे ८ पै, तेही नेमके.

आता उलट दिशेने चला. शंभर हालीचे कलदार किती? सहाशे भागिले सात. ८५ रुपये ११ आणे ५ पै, आणि वर एका पैचा सातवा भाग. एका हालीचे कलदार १३ आणे ८ पै, आणि वर चार-सप्तमांश पै. पै हे सर्वांत लहान नाणे. तिचे चार-सप्तमांश कोणाच्या हातावर ठेवणार? कलदार देऊन हाली घेणाऱ्याचा हिशेब पूर्ण होई. हाली देऊन कलदार घेणाऱ्याचा मात्र, रक्कम सातच्या पटीत नसेल तर, होत नसे, काही तरी उरेच. उरलेले कुणाकडे जाई हे सराफाच्या वहीत ‘कसर-वटाव’ खात्यावर दिसे. कसर एका पैहून लहान, पण ती मोठ्या रकमेच्या शेवटी एकदाच कापली तर गोष्ट वेगळी, आणि दहा लहान गिऱ्हाइकांकडून दहादा कापली तर वेगळी. गरिबाचा व्यवहार लहान असतो, म्हणून त्याच्या वाट्याला कसर जास्त वेळा येते. हे मला या साऱ्या हिशेबातले सर्वांत महत्त्वाचे सत्य वाटते.

एकीकडे नेमके आणि दुसरीकडे अपुरे, असे का होते? एखाद्या मोजणीत कोणते अपूर्णांक पूर्ण उतरतात ते त्या मोजणीच्या मूळ अवयवांवर ठरते. १९२ म्हणजे सहा वेळा दोन आणि एकदा तीन यांचा गुणाकार. म्हणून निम्मे, पाव, अष्टमांश आणि तिसरा हिस्सा, सारे नेमके निघते. शंभर म्हणजे दोनदा दोन आणि दोनदा पाच. तिथे पाचवा हिस्सा नेमका निघतो, तिसरा निघत नाही. सात कुठेच नाही. सातला आपले म्हणणारी मोजणी हवी तर तिच्या घडणीतच सात असावा लागतो. गावच्या जीवनात अशी एकच मोजणी होती, आठवडी बाजाराची.

आमच्या जुन्या वह्यांनी तर हे गणित डोळ्यांना दिसेल असे मांडून ठेवले आहे. मोडी आणि महाजनी हिशेबात रुपयानंतरचे अंश आकड्यांनी लिहीत नसत, रेघांनी लिहीत. एक उभी रेघ म्हणजे पावली, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यापुढे आडव्या रेघा आण्यांच्या, एक ते तीन. चौथा आणा झाला की पावलीची उभी रेघ वाढे. रुपयाच्या चार पावल्या, पावलीचे चार आणे, आण्याचे चार पैसे. ही चाराच्या पायावरची अंकलेखनपद्धती आहे. पाठशाळेत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकत, तीही याच चारांच्या घराण्यातली. तिसऱ्या हिश्शाचा किंवा सातव्या हिश्शाचा असा पाढा कोणी घोकत नसे.

या पद्धतीत रुपयाचा सातवा हिस्सा लिहायला बसा. पावली शून्य. आणे दोन. पैसा एक. मग उरते काय? पैशाचा सातवा हिस्सा. म्हणजे जिथून निघालो तिथेच, फक्त रुपयाच्या जागी पैसा. शून्य, दोन, एक. शून्य, दोन, एक. असे अखंड चालू राहील. चौसष्ट पैशांच्या भाषेत बोलायचे तर रुपयाचा सातवा हिस्सा नऊ पैसे आणि पैशाचा सातवा हिस्सा. चौसष्टाला सातने भागले की नऊ वेळा भाग जातो आणि एक उरतो, तो एकच पुन्हा पुढचा रुपया होऊन येतो. हाली रुपयाचे कलदारातले मोल, सहा-सप्तमांश, याच रीतीने तीन पावल्या, एक आणा, दोन पैसे आणि वर पैशाचे सहा-सप्तमांश. हालीचा रुपया कलदारात मोजता मोजता खाली आणखी एक छोटा हालीचा रुपया सापडावा, तसे.

हेच सात दशमान पद्धतीत वेगळे वागते. एक भागिले सात केले की १४२८५७ हे सहा अंक पुन्हा पुन्हा येतात. बाकी ओळीने १, ३, २, ६, ४, ५ अशी येते. सातने भागताना शक्य असलेली प्रत्येक बाकी हजेरी लावते आणि मगच चक्र पुरे होते. चाराच्या पायावर मात्र १, ४, २ एवढ्याच तीन बाक्या येतात, म्हणून चक्र तीन अंकांचे. सोळाच्या पायावरही तीनच: २, ४, ९. बाराच्या पायावर पुन्हा सहा. संख्या तीच, तिचे मूळपण तेच, पण पाया बदलला की तिच्या चक्राची लांबी बदलते. जर्मन गणिती गाऊस याने १८०१ मधल्या आपल्या ग्रंथात या चक्रांचा पाया घालून दिला. दहाच्या पायावर सातसारखे पूर्ण लांबीचे चक्र देणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत का, हा प्रश्न अजूनही पूर्णपणे सुटलेला नाही. आर्टिन याने १९२७ मध्ये त्याविषयी मांडलेले अनुमान सिद्धतेची वाट पाहत आहे.

दोनाच्या घातांवर उभ्या असलेल्या नाण्यांत सात इतका शिस्तीत का वागतो याचेही उत्तर आहे. सात म्हणजे आठात एक कमी. दोनाच्या पायावर तो १११ असा लिहिला जातो, सगळे एकच एक. म्हणून आठ आणि चौसष्ट त्याच्यासमोर एकाच बाकीवर येऊन थांबतात. तीन, एकतीस, एकशे सत्तावीस या मूळ संख्याही दोनाच्या पायावर अशाच नुसत्या एकांनी लिहिल्या जातात.

सोळाचा पाया आपल्याकडे इंग्रजांनी आणला नाही, निजामानेही नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी लीलावतीच्या आरंभीच नाण्यांची कोष्टके दिली आहेत: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. औंढ्याच्या नागनाथाचे दगडी मंदिर ज्या यादव काळातले, त्या काळाच्या बाजारातही चार आणि सोळाचा हिशेब असाच चालला असणार. त्यात तीन नव्हता. पुढे पैसा तीन पैंचा झाला तेव्हा तीन आत आला, आणि तोही अगदी तळाच्या पायरीवर. त्या एका पायरीमुळे तीन भावांना रुपया वाटता येऊ लागला: प्रत्येकी पाच आणे चार पै.

आता पुन्हा इतिहासाकडे. १९१८ पासून हैदराबादच्या कागदी नोटाही निघू लागल्या होत्या. त्यांवर उर्दू, मराठी, तेलुगू, कन्नड अशा भाषांत रक्कम छापलेली असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ च्या कायद्याने, हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि या चलनाचा कारभार तिच्याकडे आला. तरी गावोगाव हिशेब बट्ट्याने आणि तोंडीच चालत. सरकारी दप्तर उर्दूत, साल फसली, पेढीची वही मोडीत आणि सीमेवर करोडगिरीचे जकात नाके. माणसाला एकाच दिवसात दोन रुपये, दोन कालगणना आणि दोन लिप्या सांभाळाव्या लागत.

१९४७ च्या अखेरीस या व्यवहारावर घाला आला. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाने भारत सरकारशी जैसे थे करार केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हैदराबाद सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन राज्यात अवैध ठरवले आणि मौल्यवान धातू बाहेर नेण्यास बंदी केली. दिल्लीने याला कराराचा भंग म्हटले आणि पुढच्या साऱ्या पत्रव्यवहारात हा मुद्दा गाजला. दिल्ली-हैदराबादच्या कागदांत हे एक कलम होते. कळमनुरीकडच्या माणसासाठी मात्र वऱ्हाडातून आलेला कलदार उघडपणे चालवणेच बंद झाले. नदीपलीकडे उमरखेडला मुक्तिसंग्रामाचे शिबिर होते, अलीकडे निजामाच्या बाजूचे रझाकार. नदी ओलांडणाऱ्याला आता खिशातल्या नाण्याचेही भय होते.

१३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला संपली. राज्य गेले, पण रुपया लगेच गेला नाही. सरकार बदलले तरी गंगाजळी, पगार, ठेवी, कर्जे, गहाणखते सगळी हालीत होती. १९५० मध्ये भारतीय रुपया हैदराबादेत अधिकृतपणे हालीच्या बरोबरीने आला, आणि बदलण्याचा दर तोच ठेवला: सात हालीस सहा. नवे हाली काढणे १९५१ मध्ये थांबले, आणि जुने बाजारातून निघून जायला हे दशक लागले. सराफाच्या ओट्यावरची कसर आता सरकारी हिशेबात शिरली. प्रत्येक पगारपत्रक, प्रत्येक ठेव, प्रत्येक थकबाकी सातने भागली गेली. हा दर न बदलण्याचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. एखादा गोल आकडा धरला असता तर गणित सोपे झाले असते, पण हाली जपून ठेवणाऱ्या किंवा हालीत कर्ज असलेल्या कोणाचे तरी मोठे नुकसान झाले असते. चांदीशी जुळणारा दर धरला म्हणून नुकसान एका पैच्या आत राहिले.

त्याच वर्षांत नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत एक मराठी शिक्षक संख्यांच्या अशाच स्वभावांचा शोध घेत होते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९४९ मध्ये त्यांनी स्वयंभू संख्यांची कल्पना मांडली. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. जी अशा रीतीने कोणापासूनही जन्मत नाही ती स्वयंभू. दशमान पद्धतीत सात स्वयंभू आहे. पण महाजनी वहीसारखा चाराचा पाया घ्या. तिथे पाच ही संख्या ११ अशी लिहितात, तिच्या अंकांची बेरीज दोन, आणि पाच अधिक दोन सात. सातला जनक मिळाला. विषम पायावर तर याहून नवल घडते: तिथे प्रत्येक विषम संख्या स्वयंभू असते, म्हणून दोन सोडून साऱ्या मूळ संख्याही स्वयंभू. कापरेकरांच्या संख्या बऱ्याच काळ करमणुकीच्या मानल्या गेल्या. मला त्यांत त्यांच्या पिढीचा अनुभव दिसतो. एकच संख्या आण्यात वेगळी आणि दशमानात वेगळी दिसते हे त्या पिढीला पुस्तक न उघडताही माहीत होते.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आता एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. हिशेबासाठी तक्ता दिला गेला: एक आणा सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. दोन आण्यांचे साडेबारा व्हायचे, पण अर्धा सोडून द्यायचा असे ठरले. त्यामुळे दोन आण्यांची वस्तू आठ वेळा सुटी सुटी घेतली तर शहाण्णव नवे पैसे पडत, आणि एकदम घेतली तर रुपया. तीन आणे एकदम दिले तर एकोणीस, आणा-आणा करून दिले तर अठरा. नवी कसर जुन्या कसरीच्या जागी आली, आणि ती कधी गिऱ्हाइकाच्या बाजूने, कधी दुकानदाराच्या बाजूने पडे.

या अदलाबदलीत पाचाला घर मिळाले आणि तीन बेघर झाला. रुपयाचा पाचवा हिस्सा आधी तीन आणे आणि आण्याचा पाचवा हिस्सा असा लोंबकळत असे, आता तो स्वच्छ वीस पैसे झाला. तीन भावांचा रुपया मात्र तेहतीस-तेहतीस-तेहतीस वाटून एक पैसा उरू लागला. आणि सात? जुन्या हालीच्या दस्तावरची रक्कम नव्या पैशांत मांडू पाहणाऱ्याला एका हालीचे ८५ पैसे आणि वर पाच-सप्तमांश मिळत. दशांशात लिहिले तर ८५.७१४२८५, आणि पुढे तेच अंक पुन्हा.

दशमान नाणी आणणे योग्य होते यात मला शंका नाही. चारांची, बारांची, सोळांची मिसळ शिकण्यात मुलांची वर्षे जात, आणि हिशेब येत नसलेल्या माणसाला सराफापुढे मान खाली घालावी लागे. शंभराचा हिशेब शाळेत चार दिवस गेलेल्यालाही तपासता येतो. लोकशाहीत हा लाभ तीन या संख्येच्या सोयीपेक्षा मोठा आहे. १९६४ मध्ये ‘नवे’ हे विशेषण गळाले आणि पैसा नुसता पैसा झाला.

सोळा मात्र शेतातून गेला नाही. पीक किती आले ते आण्यांत मोजण्याची आणेवारी पैसेवारी झाली, पण तिची कल्पना तीच: पूर्ण पीक म्हणजे पूर्ण रुपया. १ मे १९९९ ला हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. आजही सेनगाव, औंढा, वसमतकडे पाऊस ओढ देतो तेव्हा गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली का, हे विचारले जाते. ते पन्नास पैसे म्हणजे जुने आठ आणे.

हा सगळा इतिहास सांगणारी साधने अजून घराघरांत आहेत: लाल कापडी बांधणीच्या खतावण्या, मोडीतल्या रेघा, उर्दूतले शेतसाऱ्याचे पावतीपुस्तक, हालीतली गहाणखते. मोडी आणि उर्दू वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत, आणि घर दुरुस्त करताना या वह्या आधी रद्दीत जातात. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव इथल्या वाचकांना विनंती आहे: आजोबांच्या पेटीत अशी वही असेल तर ती विकू नका. पानांची छायाचित्रे काढून ठेवा, मोडी जाणणाऱ्या कोणाला तरी दाखवा, आणि त्यात कसरीचे खाते सापडले तर ते पान आधी वाचून घ्या.